पाळीत अंगावरून खूप जातं? आधी मोजा, मग डॉक्टरांना सांगा

पाळीत किती रक्त जायला हवं, हे बहुतेकींना कुणी कधी सांगितलेलंच नसतं. आपलं जसं होतं तसंच सगळ्यांचं होत असणार, असं आपण धरून चालतो. त्यात आईची पाळी अशीच, मोठ्या बहिणीचीही अशीच असेल, तर 'आमच्याकडे असंच असतं' म्हणून विषय तिथेच संपतो. वर्षानुवर्षं अंगावर काढलं जातं आणि डॉक्टरांकडे पोचेपर्यंत हिमोग्लोबिन 7 वर आलेलं असतं. हा लेख त्या आधीच्या टप्प्यावर असलेल्यांसाठी आहे: आपलं जास्त जातंय अशी शंका आहे, पण कुणाला काय विचारायचं ते कळत नाही.

जास्त म्हणजे किती

एका पाळीत साधारण 30 ते 40 मिली रक्त जातं. 80 मिलीच्या वर गेलं तर जास्त, अशी जुनी व्याख्या आहे. पण घरी मिली कोण मोजत बसणार? म्हणून हल्ली डॉक्टर सरळ विचारतात, की पाळीमुळे तुमचं रोजचं जगणं अडतंय का. अडत असेल तर ते जास्तच, मग मोजमाप काहीही असो.

तरीही काही ठोस खुणा आहेत. दर एक-दोन तासांनी पॅड पूर्ण भिजतं. रात्री पॅड बदलायला उठावं लागतं, किंवा एकावर एक दोन पॅड लावावे लागतात. साधारण अडीच सेंटीमीटरपेक्षा मोठ्या, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढ्या गाठी पडतात. पाळी आठ दिवसांच्या पुढे जाते. उठून उभं राहिलं की एकदम भळकन रक्त येतं आणि कपडे खराब होतात. प्रवास, परीक्षा, मीटिंग यांच्या तारखा पाळी बघून ठरवाव्या लागतात. यातली एखादीच खूण असली तरी तपासणी करून घ्यायला ते पुरेसं कारण आहे. सगळ्या जुळायची वाट पाहू नका.

हे दिसलं तर आजच, आत्ताच जा

सलग दोन तास किंवा जास्त वेळ तासाला एक पॅड पूर्ण भिजत असेल, तर 'पाळी आहे, थांबेल' म्हणू नका. चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येणं, बेशुद्ध पडणं, बसल्या जागी धाप लागणं, छातीत दुखणं किंवा खूप धडधडणं यांपैकी काहीही असेल तर थेट तातडीच्या विभागात जा. दिवस राहिल्याची थोडीही शक्यता असेल, पाळी उशिरा येऊन खूप जात असेल, किंवा पोटात एका बाजूला जोरात दुखत असेल, तर तेही आणीबाणीचंच समजा. गर्भ गर्भाशयाच्या बाहेर, नळीत वाढत असेल तर जिवाला धोका असतो. रक्त पातळ ठेवण्याची औषधं चालू असतील तर हे सगळं आणखी लवकर करायचं.

जाताना स्वतः गाडी चालवू नका, सोबत कुणाला तरी घ्या. निघेपर्यंत आडवं पडून पाय उशीवर उंच ठेवा. चालू औषधांची चिठ्ठी जवळ असू द्या आणि किती तासांत किती पॅड भिजले हे लक्षात ठेवा. तिथे पोचल्यावर हाच प्रश्न सगळ्यात आधी येतो.

दोन पाळ्या लिहून काढा

आणीबाणी नसेल तर पहिलं काम नोंदीचं. 'खूप जातं' हे वाक्य ऐकणाऱ्याला काहीच सांगत नाही, आकडा सांगतो. त्यासाठी गुणांचा एक तक्ता डॉक्टर वापरतात, तो घरीही जमतो. थोडंसं डागलेलं पॅड 1 गुण, मध्यम भिजलेलं 5, पूर्ण भिजलेलं 20. टॅम्पॉन (योनीत ठेवायची, रक्त शोषणारी कापसाची गुंडाळी) वापरत असाल तर तेच 1, 5 आणि 10. लहान गाठ 1, मोठी गाठ 5. पूर्ण पाळीची बेरीज 100 किंवा त्याहून जास्त आली, तर रक्तस्राव 80 मिलीच्या आसपास किंवा त्याहून जास्त असण्याची शक्यता बरीच.

उदाहरणार्थ, एखादीचे एका पाळीत 3 पॅड पूर्ण भिजले, 6 मध्यम, 8 थोडेसे डागले आणि 2 मोठ्या गाठी पडल्या. बेरीज 60 अधिक 30 अधिक 8 अधिक 10, म्हणजे 108. ही नोंद मोबाईलमध्ये ठेवा नाहीतर कॅलेंडरवर, पण पॅड बदलतानाच करा. दिवस संपल्यावर आठवून लिहिलेलं नेहमी कमीच भरतं, कारण त्रासाची आपल्याला सवय झालेली असते. पॅडची शोषण्याची क्षमता वेगवेगळी असते, म्हणून तक्ता अगदी काटेकोर नाही. पण एका पाळीची दुसरीशी तुलना करायला फार उपयोगी आहे. मेन्स्ट्रुअल कप, म्हणजे योनीत ठेवून रक्त गोळा करायचा छोटा कप, वापरत असाल तर आणखी सोपं: बऱ्याच कपांवर मिलीच्या खुणा असतात, प्रत्येक वेळी वाचून लिहा.

आकड्यांसोबत चार गोष्टी टिपा. पाळी कधी आली आणि कधी संपली, मधल्या दिवसांत किंवा संबंधांनंतर डाग पडला का, दुखणं किती होतं, आणि पाळीमुळे काय रद्द करावं लागलं. शेवटची नोंद बिनमहत्त्वाची वाटते, पण उपचार कोणता द्यायचा हे बरेचदा तिच्यावरच ठरतं.

तोपर्यंतचे दिवस निभावताना

पॅड गळायला लागल्यावर बदलायचं, या सवयीने सगळा दिवस भीतीत जातो. त्याऐवजी मोबाईलवर गजर लावा आणि जास्त जाणाऱ्या पहिल्या दोन-तीन दिवसांत ठरल्या वेळी बदला, भिजलेलं असो वा नसो. कप बऱ्यापैकी रक्त धरतो, साधारण 20 ते 30 मिली, म्हणून ज्यांना जमतो त्यांना तो मोठा दिलासा ठरतो. वर पिरियड पँटी किंवा पातळ पॅड घातलं की मन निर्धास्त राहतं. मात्र कॉपर टी बसवलेली असेल तर कप काढताना आधी त्याची कड दाबून आतली हवेची पकड सोडवा, नाहीतर टी सोबत ओढली जाऊ शकते. टॅम्पॉन आठ तासांपेक्षा जास्त वेळ आत ठेवू नका. कमी वेळा बदलावं लागावं म्हणून एकदम जास्तीत जास्त शोषणारं टॅम्पॉन दिवसभर ठेवणं धोक्याचं आहे. त्यातून होणारा टॉक्सिक शॉक हा आजार विरळा, पण गंभीर असतो.

रक्ताचे डाग आधी थंड पाण्याने धुवा, गरम पाण्याने ते पक्के होतात. गादीवर जलरोधक चादर अंथरली की रात्रीची झोप लागते, आणि झोप इथे खरोखर औषधासारखी आहे. बॅगेत कायमची एक पिशवी ठेवा: पॅड, अंतर्वस्त्र, गडद रंगाचा एक जादा कपडा, वापरलेलं टाकायला कागद. पाळी नसतानाही ती काढू नका. बसल्यावर पटकन उठू नका, पाणी भरपूर प्या. कामावर किंवा वर्गात एका विश्वासाच्या माणसाला आधीच सांगून ठेवा: 'मला पाळीत खूप त्रास होतो, मधेच उठून जावं लागेल.' इतकं पुरतं, त्याहून जास्त कैफियत द्यायची गरज नाही.

औषधांबद्दल. मेफेनामिक अ‍ॅसिड, आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेन या गटातल्या गोळ्या दुखणं कमी करतात आणि रक्तस्रावही काही प्रमाणात कमी करतात. मात्र जठरात व्रण, मूत्रपिंडाचा आजार, अशा गोळ्यांनी वाढणारा दमा किंवा रक्त पातळ करणारी औषधं असतील तर त्या घेऊ नयेत. कुठलाही आजार किंवा चालू औषध असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. अ‍ॅस्पिरिन पाळीत दुखण्यासाठी घेऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. (हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र मनाने बंद करायची नाही.) आणि मैत्रिणीकडून मिळालेली 'पाळी थांबवायची गोळी' तपासणीआधी घेऊ नये असा माझा आग्रह आहे. ती हार्मोनची गोळी असते. दिवस राहिलेत का, रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका आहे का, हे बघितल्याशिवाय ती घेणं बरोबर नाही, आणि मूळ कारण तर तसंच राहतं.

लोहाचा हिशोब

या विषयात सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच, म्हणून इथे थोडं थांबते. 1 मिली रक्तासोबत जवळजवळ अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. पाळीत 80 मिली रक्त गेलं तर 40 मिलिग्रॅम लोह गेलं. शरीर जेवणातून दिवसाला साधारण 1 ते 2 मिलिग्रॅमच लोह शोषून घेतं, आणि त्यातलाही बराचसा भाग पाळीखेरीजच्या रोजच्या झिजेत जातो. म्हणजे महिना संपतो तरी तूट भरत नाही, आणि पुढची पाळी येते. नुसतं 'चांगलंचुंगलं खा' या सल्ल्याने ही तूट भरून निघत नाही, त्याचं कारण हे आहे.

यात फसवी गोष्ट अशी, की शरीर आधी साठा वापरतं. तो साठा दाखवणारी तपासणी म्हणजे फेरिटिन. हिमोग्लोबिन 12 च्या वर, म्हणजे 'नॉर्मल', आणि फेरिटिन मात्र तळाला गेलेलं, अशा कितीतरी जणी असतात. त्यांना थकवा असतो, केस गळतात, जिना चढताना धाप लागते, लक्ष लागत नाही, रात्री पायांत अस्वस्थता येते, आणि रिपोर्ट बघून सांगितलं जातं की सगळं ठीक आहे. बर्फ, खडू किंवा माती खावीशी वाटणं हेही लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं. लाजू नका, डॉक्टरांना सांगा. फेरिटिन 15 च्या खाली असेल तर साठा संपलाय. बरेच डॉक्टर 30 च्या खालीच उपचार सुरू करतात. अंगात ताप किंवा दाह असेल तर फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, तेवढं ध्यानात असू द्या.

लोहाची गोळी चहा, कॉफी, दूध, कॅल्शियम किंवा अ‍ॅसिडिटीच्या औषधासोबत घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. थायरॉइडची गोळी असेल तर चार तासांचं. शौचाला काळं होतं, त्याने घाबरू नका. मळमळ किंवा बद्धकोष्ठता झाली म्हणून गोळी सोडून देणाऱ्या खूप असतात. त्याऐवजी डॉक्टरांना एक दिवसाआड घेण्याबद्दल किंवा गोळी बदलण्याबद्दल विचारा. दिवसाआड घेतलेली गोळी शोषलीही चांगली जाते. हिमोग्लोबिन सुधारल्यावर साठा भरायला साधारण आणखी तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते. गोळ्या सोसतच नसतील किंवा कमतरता फार असेल तर शिरेतून लोह देता येतं. घरात लहान मूल असेल तर या गोळ्या त्याच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा, लहान मुलांना त्यांची विषबाधा होते.

डॉक्टरांकडे

आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलात तरी चालतं, थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेलात तरी चालतं. पाळी चालू आहे म्हणून भेट पुढे ढकलू नका. फार तर आधी फोन करून विचारून घ्या.

खोलीत शिरल्यावर पहिल्या दोन वाक्यांत मुद्दा सांगा. 'मला पाळीत खूप जातं' याऐवजी असं: 'गेले सहा महिने पाळी नऊ दिवस चालते. पहिले तीन दिवस दर दीड तासाला पॅड पूर्ण भिजतं, रात्री दोनदा उठावं लागतं. ही नोंद. जिना चढताना धाप लागते. माझं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन दोन्ही तपासायचं आहे.' मग वही पुढे ठेवा. संकोच वाटत असेल तर हे कागदावर लिहून न्या आणि वाचून दाखवा.

तुम्हाला विचारलं जाईल ते आधी आठवून ठेवा: दिवस राहण्याची शक्यता, पुढे मूल हवंय का, गर्भनिरोधक कोणतं, चालू औषधं. आणि न विचारलं तरी सांगायच्या गोष्टी: अंगावर सहज काळेनिळे डाग पडतात का, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येतं का, दात काढल्यावर किंवा बाळंतपणात रक्त थांबायला वेळ लागला का, घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का.

हे शेवटचे प्रश्न मी मुद्दाम अधोरेखित करते. रक्त गोठण्याच्या दोषामुळे पाळीत जास्त जाणाऱ्या मुली आणि बायका कमी नाहीत, आणि अनेकींना ते वर्षानुवर्षं कळत नाही. यातला सगळ्यात जास्त आढळणारा दोष म्हणजे फॉन विलेब्रांड आजार. फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड यांनी 1926 मध्ये त्याची पहिली नोंद केली, ती ओलांड बेटांवरच्या एका कुटुंबावरून. त्या कुटुंबातली ज्या मुलीवरून त्यांचा अभ्यास सुरू झाला, ती पुढे किशोरवयात तिच्या चौथ्या पाळीतच रक्तस्रावाने दगावली. आज या आजारावर उपचार आहेत, फक्त तो ओळखला जायला हवा. पहिल्या पाळीपासूनच ज्या मुलीला खूप जातं, तिच्याबाबतीत 'सुरुवातीला असं होतंच' म्हणून सोडून देऊ नका. पहिली दोन-तीन वर्षं पाळी अनियमित असू शकते हे खरं, पण दर तासाला पॅड भिजणं त्यात बसत नाही.

तपासण्यांत साधारणपणे रक्ताची तपासणी, दिवस राहिलेत का याची चाचणी आणि सोनोग्राफी असते. लक्षणं असतील तर थायरॉइड. सोनोग्राफी पोटावरून होते, त्यासाठी लघवी भरलेली लागते, किंवा योनीमार्गातून होते, तिच्यात चित्र जास्त स्पष्ट येतं. ज्यांचा कधी शरीरसंबंध आलेला नाही त्यांनी ते आधीच सांगावं. पोटावरून करता येते. आतून तपासायला कधीही नकार देता येतो, सोबत बाईमाणूस मागता येतं, मधेच थांबायला सांगता येतं. वय 45 च्या पुढे असेल, वजन फार जास्त असेल किंवा बरीच वर्षं पाळी अनियमित असेल, तर गर्भाशयाच्या अस्तराचा छोटा तुकडा तपासायला सांगतात. तो टाळू नका, अस्तरातली कॅन्सरपूर्व वाढ त्यातच सापडते. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी दिसला, तरी लगेच दाखवायचं.

कारणं अनेक असतात: फायब्रॉइड (गर्भाशयातली स्नायूंची, कॅन्सर नसलेली गाठ), पॉलिप (अस्तरावर वाढलेला छोटा कोंब), अ‍ॅडेनोमायोसिस (अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत वाढणं), बीज वेळेवर न सुटणं, थायरॉइड, कॉपर टी, काही औषधं. बऱ्याचदा काहीच सापडत नाही, तरी उपचार होतो. रिपोर्टात 'फायब्रॉइड' दिसलं की पोटात गोळा येतो, पण फायब्रॉइड अनेकींना असतात आणि त्रास देतातच असं नाही. तो किती मोठा आहे यापेक्षा अस्तराच्या बाजूला आत आलाय का, हे विचारा.

उपचार निवडताना

ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड ही हार्मोन नसलेली गोळी फक्त जास्त जाणाऱ्या चार-पाच दिवसांत घ्यायची असते आणि रक्तस्राव 40 ते 50 टक्क्यांनी कमी करते. जपानच्या डॉ. उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी ती 1962 मध्ये शोधली. बाळंतपणातल्या रक्तस्रावाने बायका मरतात, हे त्यांना थांबवायचं होतं. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल तर ती चालत नाही, हे आवर्जून सांगा.

हार्मोन असलेलं, गर्भाशयात बसवायचं साधन, ज्याला अनेकजणी मिरेना या ब्रँडच्या नावाने ओळखतात, रक्तस्राव 70 ते 95 टक्क्यांपर्यंत कमी करतं आणि काही वर्षं टिकतं. पहिले तीन ते सहा महिने मधूनमधून डाग पडतात. हे आधी माहीत नसल्याने बऱ्याचजणी ते घाईने काढून टाकतात. गर्भनिरोधक गोळ्याही उपयोगी असतात, पण डोळ्यांपुढे चमका येणारी अर्धशिशी, 35 च्या पुढे धूम्रपान, उच्च रक्तदाब किंवा गुठळ्यांचा इतिहास असेल तर दोन हार्मोन एकत्र असलेली गोळी नको.

शस्त्रक्रियांत फक्त पॉलिप किंवा फायब्रॉइड काढणं, फायब्रॉइडचा रक्तपुरवठा बंद करणं, अस्तर जाळून टाकणं आणि शेवटी गर्भपिशवी काढणं असे टप्पे आहेत. अस्तर जाळल्यावर दिवस राहिले तर ते धोक्याचं असतं, म्हणून मूल हवं असणाऱ्यांनी तो पर्याय घ्यायचा नाही. गर्भपिशवी काढल्याने पाळीचा त्रास कायमचा जातो हे खरं, आणि काहीजणींसाठी तोच योग्य निर्णय असतो. पण पहिल्याच भेटीत तो सांगितला तर विचारा: गोळ्या आणि साधन का नको? बीजकोश ठेवणार की काढणार? दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, त्यात कुणाचा अपमान नाही. 'बायकांना एवढं होतंच' म्हणून कुणी परत पाठवलं तरीही दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, वही सोबत घेऊन.

उपचार सुरू झाल्यावर नोंद थांबवू नका. गोळ्या असतील तर तीन पाळ्या, साधन असेल तर सहा महिने द्या आणि गुणांची बेरीज बघा. फेरिटिन तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. बेरीज कमी झाली नसेल तर तेच औषध पुढे लिहून घेऊन परतू नका. आता पुढचा पर्याय कोणता, हे त्याच भेटीत विचारून या.